धुक्यातले पाच सेकंद

हौसा पायरीवरच बसली. आत यायलाच तयार नाही.

"दाजी, चार वाजता चौकशी हाय. माझ्या नवऱ्यानं इमान पाडलं म्हनतात. नोकरी जाईल, वर जेल. त्यानं न्हाय पाडलं."

दाजी भोईर भिवंडीत खासगी तपास करीत आणि रघू त्यांची स्कूटर हाकी. बायको दुसरं काय म्हणणार, असं रघूला वाटलं.

वडप्याच्या माळावर एक खासगी धावपट्टी होती. हौसाचा नवरा दौलत तिथला नियंत्रक. धुक्यात तो रडारच्या पडद्यावर विमान पाहायचा आणि रेडिओवरून वैमानिकाला खाली आणायचा. मंगळवारी सकाळी विमान पट्टीच्या अलीकडेच शेताच्या बांधावर आदळलं. वैमानिकाचा पाय मोडला. बोलणं टिपणारं यंत्र महिनाभर बंदच होतं.

दाजी भेटायला गेले तेव्हा दौलतचे डोळे सुजले होते. "पडदा शेवटपर्यंत चालू होता. विमान खाली जायला लागलं तसा मी ओरडलो, वर घ्या, वर घ्या!"

"वैमानिकाचं उत्तर?"

"शेवटच्या टप्प्यात तो बोलतच नाही, दाजी. आम्ही अखंड बोलायचं, त्यानं नुसतं ऐकायचं. पाच सेकंद आवाज आला नाही, तर उतरणं सोडून वर जायचं."

"वीज?"

"रडारला सरकारी लाईन. रेडिओला जनरेटर, तो सावळाराम बघतो."

पुरावा शून्य. रघूचा संशय पक्का झाला.

इस्पितळात कॅप्टन नवलकर भडकलेच. "अचानक शांतता! पाच मोजले, नाक वर उचललं, तोवर बांध आला. तुमचा माणूस झोपला होता."

तंत्रज्ञ सावळाराम मात्र हळहळत होता. "मी दौलतच्या पाठीमागेच उभा होतो. शेवटचा मैल. हा सांगायचा, कॅप्टन दरवेळी 'ठीक आहे' म्हणायचे. मग हा गप्पच झाला. कॅप्टन बिचारे हाका मारत राहिले."

"झालं की! दोन साक्षीदार," रघू पुटपुटला.

बांधाशेजारी राहीबाई वाल खुडत होती. "इमान दिसलं न्हाय, धुकं व्हतं. त्यांचं ते पट्टीवरचं भकभक करनारं इंजान गप झालं, आन् मंग धाडकन आवाज."

दाजी हसले. रघूला कळलं काहीच नाही, पण त्यानं मान डोलावली.

चार वाजता चौकशी अधिकाऱ्यांसमोर दाजी सावळारामकडे वळले. "शेवटच्या मैलात कॅप्टन 'ठीक आहे' म्हणाले?"

"दरवेळी."

"त्या टप्प्यात वैमानिक एक शब्द बोलत नाही. रडारच्या खोलीत असतास, तर ही चूक झाली नसती. तू तिथे नव्हतास."

सावळारामचा चेहरा उतरला.

"कॅप्टन म्हणतात शांतता, दौलत म्हणतो मी बोलत होतो. साहेब, दोघंही खरं बोलतात. राहीबाईनं आदळण्याआधी जनरेटर थांबलेला ऐकला. पडदा लाईनवर, म्हणून उजळलेलाच राहिला. रेडिओ मेला. आणि उत्तर येणारच नव्हतं, म्हणून दौलतला ते कळलंही नाही. जनरेटरपाशी कोण हवं होतं?"

रघू आता सावळारामकडे टक लावून पाहत होता.

"डिझेल संपत आलं होतं," सावळाराम कसाबसा म्हणाला. "वाटलं, हे एक विमान उतरेल. थंडी होती... नाक्यावर चहाला गेलो."

अधिकाऱ्यांनी दौलतच्या नावाचा कागद बाजूला सारला. हौसा पदरात तोंड खुपसून रडू लागली. रघूनं मनातल्या मनात तिची माफी मागितली.

दौलत हसला नाही, रडलाही नाही. "मी त्यांना वर घ्या म्हणत होतो," तो म्हणाला. "त्यांना ऐकूच जात नव्हतं. दाजी, मला इस्पितळात घेऊन चला. एवढं एकदा त्यांना सांगायचंय."