उत्तम स्थळ, पाहायला या

माझ्या पत्रकाने तो सायकलचे ओले आसन पुसत होता, तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी होते.

पावसाची सर नुकतीच ओसरली होती. घरांच्या जाहिरातींची पत्रके तयार करणे हा माझा व्यवसाय, आणि ती लोक वाचतात की नाही हे पाहायला मी अधूनमधून कोपऱ्यावर येऊन उभी राहते. पदार्थविज्ञान शिकल्याचा एवढाच अवशेष माझ्यात उरला आहे—गिऱ्हाइकाच्या स्तुतीपेक्षा माझा निरीक्षणावर अधिक विश्वास आहे.

"कागद बरा आहे," तो आपणहून म्हणाला. "पाणी छान टिपतो."

"तो वाचण्यासाठी असतो."

"मग वाचण्यासारखं काहीतरी लिहायला हवं ना!" त्याने ओला कागद उलगडला. "'स्वप्नातील घर. हवेशीर.' आणि हे हसणारं कुटुंब… प्रत्येक पॅम्प्लेटवर हेच असतात. एव्हाना यांची किती घरं झाली असतील हो?"

हसू दाबण्याचा प्रयोग मी केला, तो फसला.

"हे मी केलंय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला नाही. कागदाची नीट घडी घालून त्याने ती खिशात ठेवली. "बरं झालं भेटलात. मलाही जागा विकायचीय. समोरच्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासतो. आणि राग मानू नका, पण हे राखाडी अक्षर रस्त्यापलीकडून कुणालाही दिसणार नाही."

राग मानावा असे त्यात काही नव्हते. त्याचे म्हणणे बरोबर होते.

जागा तिसऱ्या मजल्यावर होती; त्याच्या आणि त्याच्या लग्न झालेल्या ताईच्या नावावर. दुसऱ्या गावातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात त्याला नोकरी मिळाली होती आणि जागा विकली गेली की तो जाणार होता. हे त्याने जिना चढता चढता सहज सांगितले. मला धाप लागली ती जिन्यामुळे, असे मी तेव्हा गृहीत धरले.

"हिला काय हवं ते दाखव," ताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "नाहीतर बसवशील अक्षरं वाचायला!"

"प्रयोगशाळाबाई, 'हवेशीर' लिहिणार का?" त्याने विचारले. जिन्यात मी पदार्थविज्ञानाचा उल्लेख केला होता खरा, पण त्यावरून हे नाव त्याने मला कधी दिले, ते कळलेच नाही.

मी कागदाची पट्टी खिडकीशी धरली. ती फडफडली.

"झालं सिद्ध?"

"एका खोलीपुरतं."

"बाकीच्या खोल्यांसाठी पुन्हा यावं लागेल मग…"

मी पुन्हा गेले. मागच्या खोलीत कलते ऊन वेताच्या खुर्चीपर्यंत पोहोचले होते. मी त्याला खुर्चीत बसायला सांगितले.

"कशासाठी?"

"मापासाठी. शेजारी माणूस असला की खिडकीची उंची कळते."

"बघू कुठं? खिडकीकडे की तुमच्याकडे?"

"खिडकीकडे."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी फोटो काढला.

पत्रक जितके चांगले, तितका तो लवकर जाणार—हे गणित मला उमगले होते. एखादे फिके, राखाडी, निरुपयोगी पत्रक करणे सहज शक्य होते. पण वाईट काम करून माणूस अडवून ठेवायचा, तर तो माणूस तरी कशाला हवा? मी जीव ओतून काम केले. एकच फोटो. त्यावर रस्त्यापलीकडून दिसतील अशी काळी अक्षरे: 'उत्तम स्थळ. पाहायला या.' खाली बारीक ठशात सत्य: लिफ्ट नाही, स्वयंपाकघर लहान, मागच्या खोलीत संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नाही. शेवटी ताईंचा फोन नंबर.

पत्रके वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी मला दुकानात बोलावून घेतले.

"अगं, फोन खाली ठेवायची सोय नाही! पहिल्या बाई विचारतात, मुलगा काय करतो? म्हटलं, कुठला मुलगा? म्हणे, खुर्चीतला!"

तो काउंटरमागे चष्म्याची काच पुसत होता. जरा जास्तच पुसत होता.

"दुसरीनं उंची विचारली," ताई म्हणाल्या. "मी छताची सांगितली. ती म्हणते, बाई गं! आमच्या मुलीला मान दुखेपर्यंत वर बघावं लागेल!"

आम्ही तिघेही हसलो. मग ताईंनी पत्रक माझ्यासमोर सरकवले. "मला एक सांग. यात घर कुठंय?"

मी पाहिले. खिडकी कडेला चिंधीएवढी उरली होती. बाकी सगळा कागद त्यानेच व्यापला होता. माझ्या धंद्याचा पहिला नियम असा, की कागदावर ज्याला सर्वाधिक जागा, त्याच्यावरच करणाऱ्याचा जीव. हा नियम मी इतरांना शिकवते.

"मापासाठी बसवलं होतं," मी म्हणाले.

"खिडकीपेक्षा मापच मोठं झालंय," ताई म्हणाल्या आणि मुद्दाम आत गेल्या.

तो आता हसत नव्हता. "फक्त मापासाठी?"

उत्तर मला ठाऊक होते. पण जाणाऱ्या माणसाच्या पायात ते बेडीसारखे घालावे, हे पटेना. "नवीन करून देते," मी म्हणाले. "खुर्ची रिकामी ठेवून."

"ठेवा," तो म्हणाला.

नव्या पत्रकावर फक्त ऊन, खुर्ची आणि एक ओळ: 'या खोलीत संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नाही.' एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, थेट मागच्या खोलीत गेल्या, खुर्ची बाजूला सारली आणि आपले मशीन जिथे मांडणार तिथे उभ्या राहिल्या. व्यवहार ठरला. इतके यशस्वी पत्रक मी त्याआधी केले नव्हते, आणि यशाने इतकी उदासही कधी झाले नव्हते.

त्या संध्याकाळी तो माझ्या कामाच्या टेबलाशी आला. "तिकडे भाड्यानं जागा बघायचीय. सगळी पॅम्प्लेटं गोड बोलतात. खोटं कुठलं, ते तुम्हाला कळतं. याल एक दिवस? म्हणजे… फक्त पारखायला."

"येईन," मी म्हणाले. 'फक्त' हा शब्द मी उच्चारला नाही.

त्या गावातल्या दलालाने किल्ल्यांचा जुडगा वाजवत आम्हाला एक रिकामी जागा दाखवली. मी नळ सोडून पाहिले, भिंतींना हात लावून ओल तपासली. जागा चांगली होती.

"राहणारी माणसं किती?" दलालाने विचारले.

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सध्या तरी… म्हणजे, तसं बघायला गेलं तर—"

दिवसभर लोकांना पुढची ओळ वाचायला लावणारा हा माणूस स्वतःच्या ओळीवर अडला होता. मी मात्र अडले नव्हते. निरीक्षणे पुरेशी झाली होती. फक्त निष्कर्ष जाहीर करायचा होता.

"दोन," मी म्हणाले.

"नवरा-बायको ना?"

"तारीख ठरायचीय."

दलाल समजूतदार होता. पाण्याची टाकी दाखवतो म्हणत तो गच्चीकडे निघून गेला. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

"तू…" तो प्रथमच मला 'तू' म्हणाला. "तू मला न विचारताच ठरवलंस?"

"आता विचारते. माझं टेबल कुठंही मांडता येतं, माझी अक्षरं कुठंही छापली जातात आणि मला तू आवडतोस. त्या दिवशी दुकानात मी खोटं बोलले. आता बोल, हो की नाही?"

"हो!"

रिकाम्या खोलीत ते दोनदा ऐकू आले. दुसरा 'हो' हा प्रतिध्वनी आहे, हे मला ठाऊक होते. तरी मी दोन्ही हिशेबात धरले.