रूळ संपतो तिथे

भाट्ये खाडीपलीकडच्या उंच कातळाच्या सड्यावर लोखंडी खांब उभे राहू लागले, तेव्हा खालच्या वाडीत जो तो अंदाज बांधू लागला. कुणी म्हणालं, विमानांना खुणावणारं यंत्र. कुणी म्हणालं, पाण्याची लाइन. शारजात उमर घालवून परतलेल्या फारुकने शेवटी टपरीवर सांगून टाकलं, की हे रोलर कोस्टर. गाडी उंच चढते, उलटी होते, खाली कोसळते आणि आतली माणसं हौसेने किंचाळतात.

"घाबरायला इथं कशाला यायचं?" भिकाजी खलाशी म्हणाला. "दर्या काय कमी हाय?"

सगळे हसले. फारुक हसला नाही. तो सडा त्याचा होता. बापाने कातळ फोडून, खालून माती वाहून तिथे हापूसची कलमं जगवली होती. करमणूक पार्कवाल्यांना जागा विकताना फारुकने बायकोला, जन्नतला, विचारलंही नव्हतं. मुलगा नबील शारजाहून परत येईल, पार्कच्या दारात हॉटेल टाकेल, घर भरेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कलमं तुटली. मग नबीलने फोनवर सांगितलं, इतक्यात येणं जमणार नाही. त्या दिवसापासून जन्नत नवऱ्यापुढे ताट ठेवायची आणि न बोलता उठून जायची.

फारुक दुपारचा सड्यावर जाऊन बसू लागला. एकदा कामगार जेवायला गेले होते, वारा पडला होता, आणि त्याच्या डोक्यावरून किंकाळ्या गेल्या. बऱ्याच माणसांच्या, हसण्यात मिसळलेल्या. चढावर सावकाश, उतारावर एकदम. रूळ अजून अर्धाच होता. तो जिथे संपत होता, तिथेच आवाज तुटला.

राखणदार गंगाराम म्हणाला, पोकळ पाइपांत वारा भरतो, असं इंजिनियरसाहेब सांगतात. सांगताना त्याने वर पाहिलं नाही.

रूळ जसा पुढे सरकला, तशा किंकाळ्याही पुढे सरकल्या.

पावसाच्या तोंडावर भागीदारांत फाटलं आणि काम थांबलं. गाडीचे डबे कधी आलेच नाहीत. दसऱ्यानंतर एका दुपारी फारुक वर गेला, तेव्हा खांब, जिने, बोल्ट, सगळं गंजलं होतं. फक्त रुळाचा माथा चकचकीत होता, रोज चाकं फिरल्यासारखा.

त्याने हात लावला. रूळ थरथरत होता.

किंकाळ्या आल्या. या वेळी त्यांत हसू नव्हतं.

"अब्बा, मला उतरवा."

आवाज त्याच्या डोक्यावरून कोसळत गेला आणि रूळ संपला तिथे तुटला.

फारुकने धापा टाकत घर गाठलं आणि शारजाला फोन लावला. नबीलने उचलला. धडधाकट होता. फक्त आवाज पार घोगरा झाला होता.

"घसा बसलाय, अब्बा. रात्रपाळी आहे, दुपारी झोपतो. उठलो की असाच बसलेला."

जन्नत दारात येऊन उभी राहिली होती. "त्याला घरी बोलवा," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली होती.

फारुकने तेच फोनवर सांगितलं.

"खोलीतले दोस्त हसतात मला," नबील म्हणाला. "म्हणतात, झोपेत तुझे केस मागे उडत असतात. पंखा बंद असतो, अब्बा."