तिसरी जागा

"ताई, तुझं तिकीट मात्र मी मुद्दामच काढलं नाही हं," केतन हसत म्हणाला आणि देवापुढे ठेवलेली तीन तिकिटं त्याने एकेक करून उचलली... एक आईचं, एक बायको अमिताचं आणि एक स्वतःचं. "उगाच जिवाला घोर नको तुझ्या. आमची भित्री भागूबाई ती!"

सुचिताही हसली. हसता हसता तिने निरांजनाची वात पुढे सारली, आणि डोळ्यांत आलेलं पाणी धुरावर ढकलून ती आत गेली. तळवलीच्या त्या घरात आज सणासारखी गडबड होती. केतनच्या 'शेजार एअर'चं पहिलं विमान आज नवी मुंबईहून जळगावला झेपावणार होतं. रात्रभर एसटीत अंग आंबवणाऱ्या माणसालाही परवडेल असं विमान काढायचं, हे वेड त्याने घेतलं तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. परवानग्यांसाठी त्याने उंबरे झिजवले, भाड्याने जुनं विमान आणलं, अर्धं ऑफिस घराच्या ओटीवर थाटलं... आणि त्या ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला सुचिताने जेवू घातलं. भावाचं तिला केवढं कौतुक होतं! पण त्या पहिल्या विमानात आपण नसणार, हे मात्र तिच्या काळजाला लागलं.

कारण सुचिता विमानाला कधीच घाबरली नव्हती.

ऐन विशीत एका मोठ्या कंपनीत हवाईसुंदरी म्हणून तिची निवड झाली होती. प्रशिक्षणात ती पहिल्यांदा उडाली तेव्हा खाली खाडी, मिठागरं, गावाची देवळं पाहून तिला वाटलं होतं, आपण यासाठीच जन्मलो! आणि त्याच महिन्यात आईला, गोजराबाईंना, अर्धांगाचा झटका आला. वडील पंढरी आधीच गेलेले. केतन तेव्हा विमान चालवायला शिकत होता. बातमी कळताच तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. "ताई, तुझी नोकरी लागलीय. आईजवळ मी राहतो." त्याचा तो कोवळा, ठाम चेहरा पाहून सुचिताच्या तोंडून निघून गेलं, "मी सोडून आले रे... मला नाही बसवत विमानात. छाती धडधडते." त्याने विश्वास ठेवला आणि तो परत गेला. कंपनीचे फोन येत राहिले, ती नकार देत राहिली. खाटेवर वाचा गेलेली आई सगळं ऐकत होती. पुढे तिची जीभ थोडी वळायला लागली तेव्हा, केतनला हे कधी कळू द्यायचं नाही म्हणून सुचिताने तिला स्वतःची शपथ घातली होती.

विमानतळावर सुचिता आईची चाकांची खुर्ची ढकलत काउंटरपर्यंत आली. इथून पुढे अमिता नेणार होती. पण गोजराबाईंनी चांगल्या हाताने सुचिताचा पदर धरला तो सोडेचनात.

"आई, चला ना," अमिता म्हणाली.

"मना नाय जायाचं."

केतन धावत आला. "आई, सगळी तिकिटं विकली गेलीत. विमान कोणासाठी थांबणार नाही, माझ्यासाठीही नाही. काय झालं?"

"माजी जागा हिला दे." शब्द अडखळत होते, पण आवाज पक्का होता. "तुजी बहीन भित्री नाय. तुजं शिक्षान मोडंल म्हनून खोटं बोल्ली. कंपनीवाले फोन करून थकले... मी आयकत व्हते."

"आये, शपथ घातली होती ना मी..." सुचिता मध्येच म्हणाली.

"मोडली. मरन्याआधी मना मोडायचीच व्हती."

आजवरची एकेक चेष्टा केतनला आठवत असावी, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. "ताई... मी तुला भित्री म्हणायचो, आणि तू ऐकून घ्यायचीस?"

"म्हणताना हसायचास ना तू... मग मला बरं वाटायचं."

त्याने भर गर्दीत वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून त्याने आपलं तिकीट काउंटरवर ठेवलं आणि तिथल्या मुलीला सांगितलं, "माझं नाव काढा. सुचिता पंढरी म्हात्रे घाला."

"अरे, तिकडे जळगावला लोक हार घेऊन उभे असतील तुझ्यासाठी..." सुचिता म्हणाली.

"असू देत. आई, तू पण जा. मी इथून बघतो."

खिडकीतून खाडी दिसली तेव्हा सुचिता मनसोक्त रडली. डोळे पुसायला कोणाच्या नकळत तोंड फिरवायचं आज काही कारण नव्हतं.

जळगावला ती आईची खुर्ची घेऊन बाहेर आली. ढोलताशे थांबले. हार घेऊन पुढे आलेले गृहस्थ गोंधळून विचारू लागले, "केतनसाहेब कुठे आहेत?"

"ते मागे राहिले. मी नुसती त्यांची..."

"ईमान हिच्यामुलं उडलं," गोजराबाई म्हणाल्या. "हार हिला घाला."

गृहस्थांनी हार उचलला. सुचिता क्षणभर थांबली... आणि मग तिने मान पुढे केली.