डाव्या हाताचा माउस

सीताबर्डीतल्या त्या दुकानात दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी तिसऱ्याला जागा उरत नसे. कॉम्प्युटरच्या वायरी, चार्जर, पंखे... छतापर्यंत सगळं लटकलेलं. त्या गर्दीत कामिनी पराते एकामागून एक माउस डाव्या हातात धरून बघत होती. उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि हात गळ्यात अडकवलेला. तीन आठवड्यांपूर्वी कामठी रोडवर तिच्या स्कूटीसमोर कुत्रं आलं. कुत्रं वाचलं, मनगट मोडलं.

"डाव्या हाताले बसणारा दाखवा न भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. बेफिकीर, खुशीत असलेला.

"भाऊ, मले तो कीबोर्ड द्या. सोबतचा माउस राहू द्या तुमच्याजवळच. टर्मिनलवर काम करणाऱ्याले माउस कायले लागते?"

कामिनी वळली. "दोन हात शाबूत असले की माणूस असंच बोलते," ती म्हणाली.

त्याची नजर प्लास्टरवर गेली. उंच, चष्मेवाला मुलगा होता. त्याचे कान बघता बघता लाल झाले.

"सॉरी... म्हणजे... मले दिसलं नाही."

"दिसलं असतं तर काय म्हणाले असते?"

"काहीच नाही. गुपचूप कीबोर्ड घेऊन गेलो असतो."

"मग बरं झालं, नाही दिसलं ते!" असं म्हणून ती हसली, माउस पर्समध्ये टाकला आणि रस्त्यावरच्या डिसेंबरच्या उन्हात निघून गेली. तो कीबोर्ड छातीशी धरून तसाच उभा राहिला. "पिशवी देऊ का?" हे दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं.

सोमवारी आयटी पार्कमधल्या नव्या ऑफिसात कामिनीचा पहिला दिवस होता. टीमचे प्रमुख जितेंद्र सर तिला एका टेबलापाशी घेऊन गेले. "हा मुकुंद. सर्व्हरचं सगळं हाच पाहते."

मुकुंदनं मान वर केली आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"आमची ओळख आहे, सर," कामिनी शांतपणे म्हणाली. "यांनी मले माउस घ्यायले मदत केली."

काम कळमन्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचं होतं, बाबनराव ठवकरांचं. त्यांच्या संत्र्यांच्या गाड्या कुठं पोचल्या हे दाखवणारी वेबसाइट तयार होत होती. तिचा सर्व्हर दूर कुठल्या तरी शहरात. त्याच्यापर्यंत जायची वाट एकच, टर्मिनलची काळी खिडकी. लिहायचं, खोडायचं, दुरुस्त करायचं ते त्या खिडकीतच चालणाऱ्या एडिटरमध्ये, आणि तेही दोन-दोन तीन-तीन बटणं एकदम दाबून.

कामिनीनं नवा माउस जोडला आणि क्लिक केलं. काहीच हललं नाही. चार ओळी ओढून निवडल्या, तर त्यांच्यासोबत ओळींचे आकडेही आले. शेवटी कशीबशी एक ओळ एडिटरमध्ये कॉपी केली आणि मेलमध्ये पेस्ट केली. तिथं उमटलं ते सकाळी आईच्या मेसेजमधून चुकून कॉपी झालेलं वाक्य– 'डबा संपवजो.'

"सर्व्हरवर कॉपी केलेलं सर्व्हरवरच राहते," शेजारून मुकुंद हळूच म्हणाला. "तुमच्या लॅपटॉपले त्याचा पत्ताच नसते."

लांबून हे सगळं बघणारे जितेंद्र सर जवळ आले. "कामिनी, असं करू. हात बरा होईपर्यंत तू नुसतं बसून शिक. काम दुसऱ्या कोणाले देतो."

ते वाईट माणूस नव्हते. पण नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि नुसतं बसून शिकणाऱ्यांचं पुढं काय होतं हे कामिनीला ठाऊक होतं.

"सर, शुक्रवारी ठवकर काकांसमोर डेमो मीच देते. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी जरा विचार केला आणि हो म्हटलं. ते गेल्यावर ती मुकुंदकडे वळली.

"यात माउस चालू होते की नाही?"

"होते... पण टर्मिनलमध्ये माउस म्हणजे... बरं नाही वाटत ते. एक पद्धत असते."

"तुमच्या पद्धतीले दोन हात लागतात. माझ्याजवळ सध्या एकच आहे. आता पद्धत बदलायची की हात, तुम्हीच सांगा."

मुकुंदनं कीबोर्डवरच्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा सगळ्या टीमनं माना वळवल्या. उजवा हात त्यानं दुपट्ट्यानं छातीशी बांधून घेतला होता.

"काय झालं बे? पडला का?"

"पडलो नाही. एका हातानं कसं जमते ते पाहून राहिलो," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

दुपारपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला. ज्या फाइलीत तो एरवी माशासारखा पोहायचा, तिथं एक ओळ खाली उतरवताना बोटं ताणून ताणून दुखायला लागली. कामिनी कडेच्या नजरेनं सगळं बघत होती. तिनं आधी हसू दाबलं. मग तिला हसू येईनासं झालं. आपल्यासाठी कुणी असं... आणि तेही चार माणसांच्या देखत?

जेवणानंतर दोघं गच्चीवर गेले. ऊन कोवळं होतं. तिच्या डब्यात एक संत्रं होतं. तिनं ते एका हातानं सोलून बघितलं, ते घरंगळत त्याच्या पायाशी गेलं. त्यानं उचललं, एका हातानं सोलायला गेला, आणि ते पुन्हा घरंगळलं.

"सोडा न तो दुपट्टा," ती म्हणाली.

"सहा वाजेपर्यंत नाही. तुले थोडीच सोडता येते?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं... आणि दोघांनीही आलं नाही असं दाखवलं.

मग तिनं संत्रं डाव्या हातात घट्ट धरलं आणि त्यानं डाव्या हातानं साल काढली. सालीचा उग्र, गोड वास दोघांच्याही बोटांना लागला. फोडी कमी आणि रसच जास्त निघाला. पण तसं संत्रं दोघांनीही आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं.

"कालपर्यंत मले वाटे, ज्याले माउस लागते तो आळशी," मुकुंद म्हणाला. "चुकलो मी."

"कबूल केलं नं, मग झालं. आता चालू करून दे."

त्यानं चालू करून दिलं. आधी एडिटरमध्ये माउस. टर्मिनलनं क्लिक आपल्याजवळ न ठेवता आत एडिटरकडे पोचवायचं, एवढंच ते होतं. क्लिक केलं की कर्सर तिथं, चाक फिरवलं की पान खाली, ओढून निवडलं की आकडे वगळून फक्त मजकूर. कॉपीनं मात्र दोन दिवस घेतले. सर्व्हरवर उचललेला मजकूर त्याच जोडणीतून उलटा टर्मिनलकडे यायला हवा, आणि टर्मिनलनं तो लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं साठतं तिथं, ठेवायला हवा. सर्व्हर पाठवायला तयार होता, टर्मिनल घ्यायला नाही. ती परवानगी कामिनीनं शोधून काढली.

"आलं वं, आलं!" मेलमध्ये ओळ उमटली तेव्हा मुकुंद ओरडला.

"हळू," ती म्हणाली. पण त्याच्या खांद्यावर गेलेला तिचा हात तिनं लगेच काढून घेतला नाही.

शुक्रवार उजाडला. डेमोच्या खोलीत लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडायचा होता. कामिनीनं वेबसाइटचा पत्ता कॉपी करून ठेवला. बाबनराव आले की चॅटमध्ये त्यांना तोच पाठवायचा होता.

"मी काकांले खालून घेऊन येते. तू शेवटचं एकदा पाहून ठेव," असं सांगून ती गेली.

मुकुंदनं माउस पाहिला, ठीक होता. एडिटर पाहिला, ठीक होता. मग रिकाम्या फाइलीत, हात मोकळे होते आणि खोलीत कोणी नव्हतं म्हणून, त्यानं एक ओळ लिहिली. लिहून तिच्याकडे बघत बसला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. त्यानं घाईघाईनं ओळ खोडली, फाइल बंद केली आणि कोपऱ्यातली खुर्ची गाठली.

घाबरलेल्या माणसाला एवढंच सुचलं नाही, की या एडिटरमध्ये खोडलेली ओळही कॉपी होते. आणि कॉपी झालेलं आता थेट क्लिपबोर्डवर, आधीच्या पत्त्याच्या जागी, जात होतं. ती सोय त्यानंच करून ठेवली होती.

बाबनराव पांढऱ्या टोपीत, ऐटीत येऊन बसले. कामिनीनं डाव्या हातानं गाड्यांची यादी उघडली, एक आकडा बदलला, पान नव्यानं दाखवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. "आता तुम्हाले पत्ता पाठवते, काका," ती म्हणाली आणि चॅटमध्ये पेस्ट केलं.

पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं–

'कामिनी, प्लास्टर निघाल्यावर मी तुझ्या काही कामाचा राहणार नाही. तरी भेटत जाशील का?'

जितेंद्र सर छताकडे बघायला लागले. मुकुंदला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कामिनीनं ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. तिच्या गालांवर रंग चढला, पण आवाज जराही हलला नाही.

"कॉपी-पेस्ट चालते हे तुम्हाले दिसलंच, काका. आता पत्ता देते."

बाबनराव खो-खो हसले. "पत्ता राहू दे पोरी, त्याले उत्तर दे आधी!"

"आधी तुमचं काम, काका. उत्तर कुठं पळून नाही जात."

तिनं पत्ता पाठवला, राहिलेलं सगळं दाखवलं, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. उठताना बाबनराव जितेंद्र सरांना म्हणाले, "हे काम या पोरीच्याच हाती राहू द्या." सरांनी तिथंच मान डोलावली.

उत्तर पळून गेलं नव्हतं, मुकुंद मात्र गेला होता. तो पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा असलेला सापडला.

"खोडलं काहून?" तिनं विचारलं.

"भीती वाटली... मंगळवारी तुझं प्लास्टर निघते. मग तुले माउस नाही लागणार, मी नाही लागणार..."

"मुकुंद, मले काही लागलं तर मी तोंडानं मागते. पाहिलं नं तू? तुझ्याजवळ बसली ते लागत होतं म्हणून नाही. बसावंसं वाटलं म्हणून."

तो गाडीपासून सरळ उभा राहिला.

"आता तू पण तोंडानं म्हण," ती म्हणाली. "पडद्यावर नको."

"इथं? पार्किंगमध्ये?"

"चार माणसांत पडद्यावर झालं, आता लाज कायची?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मले तू आवडते, कामिनी. लई आवडते."

"मले पण," ती म्हणाली. "दुपट्टा बांधून आला नं तू, तेव्हाच पक्कं झालं होतं माझं. तू कधी म्हणते, त्याचीच वाट पाहून राहिली होती."

ऊन इमारतींच्या मागं उतरलं होतं. समोरच्या ठेल्यावर पोह्यांवर तर्री पडत होती, तिचा झणझणीत वास पार्किंगपर्यंत येत होता. दोघंही तिथंच हसत उभे राहिले.

"कामठीले सोडू का तुले?" त्यानं विचारलं.

"तू राहते हुडकेश्वरले. एकदम उलट्या टोकाले!"

"हो. म्हणून तर विचारून राहिलो."

कामिनी त्याच्या मागं बसली आणि हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"लांबच्या रस्त्यानं घे," ती म्हणाली. "मले घाई नाही."