शून्य भरलेली बरणी

"आपल्या तळ्यात शून्य?" भोंगा एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कानात बोटं घातली.

काटाने त्याच्या हातातला तक्ता ओढून घेतला. भोंगा तिचा मावसभाऊ. सुट्टी लागल्यापासून दोघं त्याच्या आईच्या, म्हणजे मावशीच्या, कार्यालयात पडीक असायची. कोणत्या जागी किती प्रकारचे जीव राहतात ते मोजायचं आणि कोणती जागा आधी वाचवायची याची यादी लावायची, हे तिथलं काम. यादीत तळाला गेलेल्या जागेला वाली नाही. शाळेमागचं तळं सगळ्यात खाली होतं. सोमवारी त्यात भराव पडणार होता.

त्या तळ्याची वही काटा तीन वर्षं ठेवत होती. बेडूक किती, चतुर किती, आणि उताणे पोहणारे ते पारदर्शक जीव किती, ज्यांचं नाव एकही मोठं माणूस तिला सांगू शकलं नव्हतं.

तक्त्यावरची तारीख पाहून तिचं डोकंच फिरलं. भर उन्हाळा. तेव्हा तळं आटतं, पोरं तिथे चेंडू खेळतात. त्या दिवशी हीच दोघं खेळत होती. मोजणीला आलेले कार्यालयातले साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नव्हते. ड्रायव्हरकाकांनी बरणीभर माती आणून दिली आणि साहेबांनी काच वर केली. तक्त्यात मात्र ऐटीत लिहिलं होतं, 'पाहणी : दोन तास'.

काटा तडक साहेबांच्या टेबलाशी गेली. मावशीने डोळे वटारले, पण ते बघायला काटाला वेळ नव्हता. साहेबांनी मानही वर केली नाही. तळ्यात पाणीच नव्हतं तर मोजायचं काय, माझं कपाळ, असं ते म्हणाले. माती आणली, बरणीला सील लावलं, नियम संपला.

"म्हणजे त्या मातीत जिवंत काहीच नाही?"

"वर्षभर पाणी घातलंस तरी काही निघायचं नाही. चल, पळ."

"मग घाला ना पाणी. तुमच्याच हाताने."

सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. साहेबांनी कपाटातून बरणी काढली, सील फोडलं, पिण्याचं पाणी ओतलं, तोंडाला फडकं बांधलं, गाठीवर पुन्हा लाख ओतून शिक्का मारला आणि सही ठोकली. शनिवारी खात्याच्या मोठ्या बाईंसमोर ही बरणी तुझ्या डोक्यावर उपडी करतो, असंही सुनावलं.

दोन दिवस कार्यालयाला फुकटची करमणूक झाली. मगर निघाली का, असं शिपाईकाका येताजाता विचारत. भोंग्याचाही धीर सुटला. काटाला तरी कुठे खात्री होती? पण दरवर्षी पाणी साचलं की चार दिवसांत तळं वळवळायला लागतं. ते जीव काय आभाळातून पडतात?

शनिवारी मोठ्या बाई आल्या. यादीवर शेवटची सही त्यांची. त्यांनी पेन उघडलं आणि काटाने समोर बरणी आणि आपली वही ठेवली.

बाईंनी भिंग लावलं. गढूळ पाण्यात पांढरे ठिपके झटके देत पोहत होते.

"पोरांनीच टाकले असणार," साहेब म्हणाले.

"लाख तुमची, शिक्का तुमचा, सही तुमची," बाई म्हणाल्या. "पोरांनी फडक्यातून फुंकून घातले का?"

मग त्यांनी समजावलं. हे कोळंबीचे इवलेसे नातेवाईक, काटाच्या वहीतले उताणे पोहणारे जीव ते हेच. यांची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. तळं आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून हे उरतात. ज्या कोरडेपणासाठी साहेबांनी शून्य दिलं, त्याच्याच जोरावर ते तळं यादीत वर जायला हवं होतं. काटाच्या वहीवर हात ठेवून बाई म्हणाल्या, की आमच्या अख्ख्या खात्यात अशी एक वही नाही.

"कौतुक नंतर करा, बाई," काटा म्हणाली. "आधी सोमवारचे ट्रक थांबवा."

बाईंनी खरंच आधी फोन उचलला. आणि मग साहेबांनी शून्य दिलेल्या एकूण अकरा जागा त्यांना नव्याने पाहायला सांगितल्या. गाडीतून उतरून.

सोमवारी तळ्यावर ट्रक आला नाही. साहेब आले. टळटळीत उन्हात उकिडवे बसून खुरप्याने माती काढू लागले. थोड्या वेळाने घाम पुसत ते गाडीकडे निघाले, तेव्हा काठावर बसलेल्या काटाने भोंग्याच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बसा खाली, साहेब," ती म्हणाली. "अजून दीड तास आहे."