मेसुम्बेने नेलेली शेवटची मादी

दुपारचे कोकोयामचे कंद उकडून निवले, तरी मेसुम्बे परतला नाही. तेव्हा न्तुबेने डोक्याला फडके बांधले आणि नवऱ्याला आणण्यासाठी ती कुपे डोंगराच्या वाटेला लागली. त्याची आत्या एनांगा न बोलावताच सोबत निघाली.

"आधी कुम्बा शहरातल्या दारूच्या दुकानात बघायचं होतंस," म्हातारी म्हणाली. "माझ्या भाच्याला रानापेक्षा तेच जास्त ओळखतात."

"आज थट्टा नको, आत्याबाई. काल सकाळी गेलाय तो, उपाशीपोटी."

मेसुम्बे भुंगेरे पकडत असे. तळहाताएवढे, मानेवर पांढरे पट्टे असलेले ते भुंगेरे कुम्बाचा दलाल कीटक जमवणाऱ्या परदेशी शौकिनांसाठी नेई. पकडण्याची रीत ठरलेली होती. रस पाझरणाऱ्या झाडाला एक जिवंत मादी दोऱ्याने बांधायची. ती घरघरत घिरट्या घालू लागली, की नर आपण होऊन येत. पूर्वी फांद्या त्यांच्या भाराने वाकत. पुढे नर विरळ झाले, आणि दलालाच्या आग्रहाला भुलून मेसुम्बेने माद्याही विकल्या. त्याच्या बापाने हे कधीही केले नव्हते. आता एकच मादी उरली होती, आणि तीच घेऊन तो गेला होता.

धुके खाली उतरले होते. आंबलेल्या रसाचा वास येत होता. पण त्या वासावर एक माशीसुद्धा घोंगावत नव्हती. इतके मुके रान न्तुबेने कधी अनुभवले नव्हते.

"न्तुबे... इकडे ये..."

नवऱ्याचा आवाज ऐकून ती धावणार, तोच एनांगाने तिचे मनगट धरले.

"थांब. नीट ऐक. उपाशी माणूस बायकोला हाक मारताना दोन शिव्या तरी घालील ना? हा एकाच सुरात बोलतोय..."

"न्तुबे... इकडे ये..."

मेसुम्बे झाडाला टेकून उभा होता, आणि मादीचा दोरा शेजारी रिकामाच लोंबत होता. डोळे उघडे होते, ओठ मिटलेले होते, आणि हाक त्याच्या छातीतून येत होती. हाकेखाली एक बारीक घरघर होती.

"याला बांधलंय," म्हातारी कुजबुजली. "आपण मादी बांधतो ना... तसं."

"कोणी?"

एनांगाने वर, धुक्यात पाहिले. मग म्हणाली, "नेऊ नकोस याला."

"माझा माणूस आहे, आत्याबाई. रानात सोडून जाऊ?"

न्तुबेने त्याचा हात धरला. घरघर थांबली. तो मुकाट्याने चालू लागला. वाटेत त्यांना कोणीही अडवले नाही.

"इतक्या सहज सोडला..." एनांगा पुन्हापुन्हा पुटपुटत होती.

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला. पुढे ठेवलेल्या अन्नाला त्याने हात लावला नाही. न्तुबे दिवा लावत होती, तेव्हा अंगणात शेजारचा सुतार एपिए येऊन उभा राहिलेला दिसला.

"काही काम होतं, दादा?"

"नाही... असाच आलो." आपण का आलो, हे त्याला स्वतःलाही उमगत नसावे.

मागून चर्चमधला उपदेशक आला, आणि मग वरच्या वस्तीतले पुरुष एकेक करून आले. कोणी कोणाशी बोलत नव्हते. संधिप्रकाश मावळण्यापूर्वी अंगण भरून गेले.

"अरे मेल्यांनो, घरं नाहीत का तुम्हाला?" एनांगा ओरडली. एकही जण हलला नाही. "दार लाव, न्तुबे. कोणालाही आत घेऊ नकोस."

न्तुबेने अडसर घातला. तेवढ्यात परसदार वाजले.

"ताई... उघड ना..."

तो तिचा धाकटा भाऊ एबुदे होता. दूर दुआलाच्या बंदरावर हमाली करणारा एबुदे आई गेल्यापासून गावी फिरकला नव्हता. फटीतून तिला त्याचे पाय दिसले: एका पायात बूट होता, दुसरा अनवाणी आणि रक्ताळलेला.

"तूच बोलावलंस ना, ताई? सकाळपासून हाका मारत्येस..."

न्तुबेने वळून पाहिले. मेसुम्बेचे ओठ मिटलेलेच होते, पण छातीतली ती बारीक घरघर पुन्हा सुरू झाली होती. तिचा हात परसदाराच्या अडसरावर होता. तो काढावा की दाबून धरावा, हे तिला कळेना.

इतक्यात पत्र्यावर काहीतरी जड, अगदी सावकाश उतरले. घराचे वासे करकरत वाकले. अंगणात उभ्या असलेल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.