दोन नंबरच्या भट्टीची केबल

तार खोटं बोलत नाही, यावर झायटलर घराण्याची तीन पिढ्या श्रद्धा होती. चौथ्या पिढीतला ओटमार झायटलर आठवडाभर तारेच्या नावाने शंख करत होता.

तो ज्या चिनी मातीच्या कारखान्यात मीटर सांभाळायचा, तिथे दोन नंबरच्या भट्टीचा तापमानाचा मीटर चाळीस अंश जास्त दाखवत होता. त्यामुळे बर्नर लवकर मंदावत आणि हॉटेलची पांढरी ताटं कच्ची निघत. शुक्रवारपर्यंत ताटं सुधारली नाहीत तर भट्टी बंद, आणि ओटमार घरी.

"थर्मोकपल बदललंस?" फोरमन रोसवीथाने पाव चावत विचारलं.

"दोनदा."

"मीटर?"

"तोही. आता तूच तेवढी राहिलीयेस."

"मग केबल बघ, शहाण्या."

थर्मोकपलपासून, म्हणजे भट्टीतली उष्णता टिपणाऱ्या तारेपासून, मीटरपर्यंतची कॉम्पेन्सेटिंग केबल खास मिश्रधातूची असते. मध्येच कुणी साधं तांबं जोडलं आणि तांब्याचं भट्टीकडचं टोक गारठ्यात असलं, की आकडा फुगतो. ओटमारने हिशेब केला. तो गारठा उणे बारा अंशांचा हवा होता. बाहेर ऑगस्ट होता. हॉलमध्ये तर उभं राहवत नव्हतं.

"फ्रीजमधून नेलीस की काय रे?" रोसवीथा म्हणाली.

भट्टी विझवून ओटमारने केबल जमिनीखालच्या नळीतून ओढायला घेतली. नळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. केबल मात्र हॉलभर वेटोळी पडली तरी संपेना. तांब्याचा सांधा कुठेच नव्हता.

मग ती गार लागू लागली.

मग ओली.

मग तिच्यावर हिमाचे कण होते. तेवढ्या भागावर राखाडी लोकरीची पट्टी गुंडाळलेली होती, विरून भोकं पडलेली. थंडी बाधू नये म्हणून कुणी गुंडाळावी तशी.

रोसवीथाचा पाव हातातच राहिला. "हे तू केलंस?"

"मी कशाला मरायला करू?"

दोघंही नळीच्या तोंडापासून जरा मागे सरकले.

ओटमार वैतागला होता, आणि वैतागलेला माणूस शहाणपणाचं करत नाही. त्याने कपाटातला हिवाळ्यातला मफलर काढला, कुजकी पट्टी फेकून तो केबलवर गुंडाळला आणि सगळी केबल पुन्हा नळीत लोटली. शेवटची हातभर केबल त्याला लोटावी लागली नाही.

आकडा बरोबर आला. ताटं पांढरीशुभ्र निघाली. हॉटेलने ती घेतली.

सप्टेंबरात सुरक्षा तपासनीस आला. त्याने केबल ओढायला लावली. मफलर बाहेर आला. कडेला उसवलेली वीण कुणीतरी निळ्या लोकरीने बारीक रफू केली होती.

"झायटलर साहेब, भट्टीच्या केबलवर लोकर चालत नाही," तपासनीस म्हणाला.

मफलर काढण्यात आला. आकडा पुन्हा फुगला. महिनाअखेर दोन नंबरची भट्टी बंद झाली.